शिकाऊला सूट नाही

सोमवार, २ सप्टेंबर

टॉर्टचा विषय पुन्हा मानगुटीवर बसला आहे. करार सुटला, घटना सुटली, बाकी सगळे सुटले. अपकृत्याचा हा एकच पेपर गेल्या वर्षी राहिला. कारणही साधं आहे. प्रश्न होता हयगयीचा, आणि मी पानंच्या पानं भरून कुठल्या विद्यार्थ्यानं कुणाचं कुंपण कसं पाडलं तेच लिहून आले. तपासणाऱ्याची करमणूक झाली असेल. मार्क काही दिले नाहीत.

यंदाही राहिला तर पटावरून नाव जाणार. दोनदा नापास झालं की घरी, असा नियमच आहे. आणि घरी बसून करू काय? गेली अठरा वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, तो दाबून दाबून गुडघा कामातून गेला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, अजून दोन-तीन वर्षं, मग हे काम बंद. म्हणून वकिली. लोक हसले, हसू देत. सकाळी कॉलेज, अकरापासून गाडी. वर्गातली पोरं 'काकू' म्हणतात, तेवढं एक सोसावं लागतं.

टॉर्टमध्ये एक 'वाजवी माणूस' असतो. तो कधी घाई करत नाही, काही विसरत नाही, वळताना आरशात बघतो. इतरांनी त्याच्यासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा. असा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. माझ्या गाडीत तर नाहीच नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

या वर्षी लेखीबरोबर मूट आहे. नवऱ्याला समजावलं, मूट म्हणजे खोटं कोर्ट. खटला खोटा, भांडण खोटं, मार्क मात्र खरे. दोघादोघांच्या जोड्या असतात. एकानं अर्धं बोलायचं, दुसऱ्यानं अर्धं. मूटमध्ये जोडी नापास तर दोघंही नापास, मग लेखीत कितीही दिवे लावा.

टॉर्टच्या सरांनी खटला वाचून दाखवला आणि माझे कान टवकारले. एक बाई गाडी शिकतेय, तिसराच धडा. शेजारी शिकवणारा बसलेला. वळण घेतल्यावर तिनं स्टिअरिंग सरळ केलं नाही, गाडी फुटपाथवर चढली, तिथं बुटाची नाडी बांधत असलेल्या माणसाचा पाय मोडला. माणसानं त्या बाईवर दावा लावला. ती शिकाऊ होती म्हणून तिला थोडी सूट द्यायची, की पटाईत ड्रायव्हरचंच माप लावायचं?

मी हात वर करून विचारलं, "सर, शिकवणारा काय करत होता?"

"त्याच्यावर दावा नाही. त्याला बाजूला ठेवा."

बाजूला ठेवा! अठरा वर्षं मी काय बाजूला बसून हवा खातेय?

मग चिठ्ठ्या काढल्या. माझ्या हाताला आली जखमी माणसाची बाजू, म्हणजे 'सूट नाही' असं म्हणायचं. मी सरांना म्हटलं, ही माझ्या धर्माविरुद्धची बाजू आहे, बदलून द्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला सांगते, चूक होऊ दे, घाबरू नका, मी आहे. चूक केल्याशिवाय कुणी शिकलंय का? सर हसले. "चिठ्ठी ती चिठ्ठी," म्हणाले.

जोडीला कोण, तर मागच्या बाकावरची ती मुलगी. विशीची असेल. तीही हा विषय दुसऱ्यांदा देतेय. गेल्या वर्षी मूटला उभी राहिली आणि तोंडाला कुलूप लावून वेळ संपेपर्यंत तशीच उभी राहिली म्हणे. मी मनातल्या मनात तिचं नाव मौनी ठेवलं. कपाळाला हात लावण्याखेरीज काय करणार? एक बोलून नापास झालेली, एक न बोलून.

एक मात्र चांगलं. ती मला काकू म्हणाली नाही, ताई म्हणाली.

रविवार, ८ सप्टेंबर

मौनीला सरावाला घरी आणलं. गाडी घेऊन तिच्या घराखाली गेले तर ती आधी गाडीवरचा शिकाऊचा लाल 'एल'चा फलक बघत उभी राहिली, मग मागचं दार उघडून मागे बसली. पुढची जागा रिकामी! मी काय टॅक्सी चालवतेय? म्हटलं, "अगं, पुढे ये ना." तर म्हणे, "इथं बरं आहे." आजकालच्या मुलांना रीतभात शिकवत नाहीत.

नवऱ्याला न्यायाधीश केलं. तो शिंपी आहे, त्यामुळे न्यायाधीश महाराज गळ्यात टेप टाकून, तोंडात टाचण्या धरून शिलाईच्या मशीनमागे बसले. मौनी उभी राहिली. "आमचं म्हणणं असं की..." म्हणाली, आणि थांबली. नुसती थांबली. मला कळेना, पुढचं विसरली की काय. गाडीत असं कुणी गोठलं की एका क्षणात काहीतरी करावं लागतं, नाहीतर मागून कुणीतरी येऊन आदळतं. मी लगेच तिचं वाक्य पुरं केलं. ती पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली, मी पुन्हा गाडा पुढे ढकलला. शेवटी तिचा अर्धा भागही मीच बोलून दाखवला, म्हणजे तिला कल्पना येईल.

तिचं दडपण घालवायला मग आमच्या धंद्यातल्या गमती सांगितल्या. एका डॉक्टरांनी ब्रेक समजून दुसरंच पेडल दाबलं आणि गाडी थेट भाजीच्या हातगाडीत घातली, टोमॅटोंचा चिखल, भाजीवाला एका उडीत नाल्यात! ही गोष्ट सांगितली की माणसं पोट धरून हसतात. नवऱ्यानं टाचण्या गिळल्या असत्या. मौनी हसली नाही. म्हणाली, "भाजीवाल्याला लागलं का?"

मी म्हटलं, "छे गं, खरचटलं असेल थोडं."

विनोदबुद्धी बेताचीच दिसते.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पाय सुजला. आजच्या नव्या विद्यार्थ्यानं क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडते. तरी छान शिकेल, हात हलका आहे.

जेवताना नवरा म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं, तू जे शिकतेयस ना, ते..." मी म्हटलं, आधी आमटी वाढून घे, गार होतेय. मग त्या बेडकाचं सांगत बसले. त्याला काय सांगायचं होतं कुणास ठाऊक. महत्त्वाचं असतं तर बोलला असता.

मंगळवार, १७ सप्टेंबर

मौनीच्या आईचा फोन आला. मुलगी सरावाला कुठं जाते, कशी जाते, चौकशी. मी म्हटलं, काळजी करू नका, मी माझ्या गाडीतून नेते-आणते.

"गाडीतून?" त्या म्हणाल्या. "ती बसते गाडीत?"

"बसते की. मागे बसते, पण बसते."

पलीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं फोन कट झाला. मग त्या म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले," आणि आवाज असा काही झाला की मीच गोंधळले. एवढं काय, पेट्रोल तर ड्रायव्हिंग स्कूलचंच जळतं. काही आया जरा हळव्या असतात.

शनिवार, २१ सप्टेंबर

आज सरांसमोर सराव होता. सगळं नीट चाललं होतं असं मला वाटत होतं. मौनी थांबली तिथं तिथं मी सावरून घेतलं, एकदाही शांतता पडू दिली नाही. समोरच्या जोडीतला एक पोरगा रोज टाय लावून येतो. तो शेवटी टाळ्या वाजवायला लागला, तर मला वाटलं कौतुकानं.

सर म्हणाले, "मला या बाजूनं एकच वकील दिसला. मूटमध्ये दोन लागतात. ज्याचा भाग त्यानं बोलायचा. दुसऱ्यानं मध्ये तोंड घातलं की मार्क जातात. आज परीक्षा असती तर तुम्ही दोघी नापास होता."

चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "सर, ती अडकली तर मी बघत बसू?"

"हो," सर म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले. माणूस आहे की दगड?

रविवार, २२ सप्टेंबर

उपाय सापडला. मौनीच्या भागाची सगळी उत्तरं मीच लिहून देते. कोणता प्रश्न आला की काय बोलायचं, शब्द न शब्द. पाठ केलं की थांबायचा प्रश्नच उरत नाही. सकाळपासून लिहितेय. तिनं फक्त घोकायचं. गरीब मुलगी आहे, माझ्यामुळे सुटेल तरी. आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे माझं वर्ष गेलं तर मला सहन होणार नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

काय आणि कसं लिहू?

दुपारी मौनी आली. माझी पानं परत घेऊन आली होती, नीट घडी घालून. म्हणाली, "ताई, हे मी नाही बोलू शकणार."

मी म्हटलं, "का गं? सोपं तर..."

"ताई." तिनं हात वर केला, रस्ता ओलांडताना गाडीला करतात तसा. "मी सांगते ते शेवटपर्यंत ऐकाल?"

मी गप्प बसले. ती थांबत थांबत बोलली. मधल्या थांबण्यांत मी तोंडात पदर कोंबायचा तेवढा बाकी ठेवला होता.

ती आठ वर्षांची होती. शाळेच्या बाहेर फुटपाथवर आईची वाट बघत उभी होती. एक गाडी वळली आणि वर चढली. चालवणारा मुलगा शिकाऊ होता. डोक्याला लागलं, ती बरेच दिवस दवाखान्यात होती. "तो खूप रडला म्हणे," ती म्हणाली. "त्याची आईपण आली होती. घरी जो भेटायला यायचा, तो आधी माझी चौकशी करायचा. मग म्हणायचा, पण तो पोरगाही बिचारा, शिकतच होता. आई त्यांना चहा द्यायची."

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. तेव्हापासून मला शब्द पटकन सापडत नाहीत. असतात. सापडायला वेळ लागतो. तुम्ही मध्ये बोललात की सापडलेला पण जातो."

माझ्या मनात पहिला विचार काय यावा? कुठल्या स्कूलची गाडी होती! विचारलंही. दुसऱ्या गावातली, जुनी गोष्ट. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

मग आठवलं, मी हिला टोमॅटोची गोष्ट सांगितली होती. भाजीवाला एका उडीत नाल्यात, म्हणून हातवारे करून.

मी म्हटलं, "माझं चुकलं गं." मोठ्या माणसांना हे म्हणायला जड जातं, पण म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मग ती म्हणाली, "चहा करू या का? तुमच्या हातचा फार कडू असतो, मी करते."

रविवार, २९ सप्टेंबर

आज नवऱ्याशी बोलताना रडू आलं. तो म्हणाला, "पण तुला कसं कळणार होतं?" मी म्हटलं, ती मागे बसायची, फलक बघायची, तिच्या आईचा आवाज दाटला होता, आणखी काय कळायचं बाकी होतं? विद्यार्थ्यानं आरसा बघितला नाही की मी डाफरते.

एक कल्पना सुचली होती. तिनं स्वतःची हकीकत कोर्टात सांगितली तर परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी येईल, पास तर पास, पहिला नंबरसुद्धा येईल. फोन करून भीत भीत विचारलं. ती थांबली. (मी जीभ दातांखाली धरली.) मग म्हणाली, "नको ताई. ती साक्ष होईल. आपल्याला युक्तिवाद करायचाय."

हे खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणि म्हणे मी हिला सोडवणार होते!

गुरुवार, ३ ऑक्टोबर

गप्प बसण्याचा सराव चालू आहे. गंमत वाटेल, पण गाडी शिकवण्यापेक्षा हे अवघड आहे. मौनी बोलताना थांबली की माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. तिथं काही नाही, नुसती फरशी आहे, तरी दाबला जातो, आणि गुडघ्यातून कळ येते. मौनीला ते दिसतं. आज ती थांबल्या थांबल्या गालात हसली, मला म्हणाली, "लागला का ब्रेक?" विनोदबुद्धीबद्दल मी लिहिलेलं परत घेते.

आणि ती थांबते ना, त्यानंतर जे बोलते ते ऐकण्यासारखं असतं. मी दहा वाक्यांत जे सांगते ते ती एका वाक्यात सांगते. इतके दिवस ते वाक्य यायच्या आतच मी गाडी पुढे काढत होते.

घरीही करून पाहिलं. नवऱ्याला म्हटलं, त्या दिवशी जेवताना तुला काय सांगायचं होतं? तो म्हणाला, "काही नाही, राहू दे." मी काही बोलले नाही, बसून राहिले. त्यानं काजं करायला घेतली, दोन केली, मग मान खाली घालूनच म्हणाला, "कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, बायको वकील होतेय. पण तुला सांगायचं राहूनच जातं." एवढं बोलायला या माणसाला सव्वा वर्ष लागलं. त्यात माझा वाटा किती, याचा हिशेब मी केला नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

उद्या मूट. मौनी तयार आहे. माझंच काही खरं नाही. या बाजूनं बोलायचं पाठ आहे, पण पटलंय का? माझे सगळे विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. घाम पुसत स्टिअरिंग धरणारे, चूक झाली की माझ्याकडे बघणारे. त्यांना मी 'सूट नाही' कशी म्हणू? आणि मौनीकडे बघून 'सूट द्या' तरी कुठल्या तोंडानं म्हणू?

झोपते.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मी यात मीठमसाला घालीन.

कॉलेजच्या वाचनालयातली टेबलं हलवून कोर्ट केलं होतं. परीक्षक दोन, आमचे सर आणि बाहेरून आलेल्या एक वकीलबाई. पांढरे केस, चष्मा नाकाच्या टोकावर, कुणालाही शेवटपर्यंत बोलू न देणाऱ्या. मनात म्हटलं, ही तर माझीच बहीण.

टायवाला पोरगा चांगलं बोलला, खोटं कशाला सांगू. "शिकल्याशिवाय पटाईत कुणी होत नाही. शिकणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी पटाईताची अपेक्षा ठेवली, तर शिकायचंच कुणी नाही." माझं मन आतून मान डोलवत होतं.

मौनी उठली. सुरुवात नीट झाली. मग वकीलबाईंनी मध्येच विचारलं, "थांबा. जे एखाद्याला जमणंच शक्य नाही, त्याची कायदा त्याच्याकडून अपेक्षा ठेवतो का? हा अन्याय नाही का?"

मौनी थांबली.

कुणीतरी खुर्ची सरकवली. टायवाला पेनाचं टोपण काढ-घाल करायला लागला. वकीलबाईंनी चष्म्यावरून बघितलं. मागच्या बाकावर एक जण कुजबुजला, "गेलं. गेल्या वर्षीसारखंच." मला उत्तर येत होतं. तीन उत्तरं येत होती. माझा पाय टेबलाखाली फरशीवर इतका दाबला गेला की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, एकच वाक्य, एक शब्द, निदान खोकून तरी... माझं सगळं वर्ष, सगळी वकिली त्या शांततेत लटकत होती. सर माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

मग मौनी म्हणाली, "शिकणाऱ्याला सूट दिली, म्हणून त्याची चूक नाहीशी होत नाही. ती फुटपाथवरच्या माणसाच्या पायात जाते. शिकायला खर्च येतोच. तो शिकणाऱ्यानं सोसायचा, की बाजूला उभ्या असलेल्यानं, एवढाच प्रश्न आहे." पुन्हा थांबली. या वेळी कुणी कुजबुजलं नाही. "आणि बाजूला उभा असलेला माणूस शिकवणीला आलेला नव्हता."

वकीलबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. त्यांनी तिला मध्ये तोडलं नाही. नंतरही नाही.

मग माझी पाळी. निम्म्यापर्यंत आले आणि बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः गाडी शिकवता असं कळलं. खरं सांगा, तुमच्या विद्यार्थ्यांना सूट मिळू नये, असं तुम्हाला मनापासून वाटतं?"

याचं उत्तर पाठ होतं. तोंड उघडलं तर ते पाठ केलेलं उत्तर खोटं वाटायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडेनात. बाजूला मौनी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, कागद पुढे सरकवला नाही, काही केलं नाही. नुसती शांत बसून राहिली, मला वेळ असल्यासारखी.

मी म्हटलं, "मी सूट देते. रोज देते. माझी गाडी घासली, माझा बंपर वाकला, माझा गुडघा दुखला, ते सगळं मी माफ करते, कारण ते माझं आहे. रस्त्यावरच्या माणसाला जे लागलं, ते माझं नाही. त्याच्या वतीनं 'बिचारा शिकतच होता' म्हणणारी मी कोण? माझ्या विद्यार्थ्यांवर माझा जीव आहे. पण ज्याला लागलं त्याच्यावरही कुणाचा तरी जीव असतो."

शेवटचं वाक्य कायद्याचं नव्हतं. सरांनी भुवई उचलली. पण मी ते परत घेतलं नाही.

बाहेर आल्यावर मौनी भिंतीला टेकून उभी होती. मी म्हटलं, "चांगली बोललीस." ती म्हणाली, "तुम्ही चांगलं गप्प बसलात." दोघी हसायला लागलो ते थांबेचनात. शिपाई येऊन ओरडून गेला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

पास! दोघी!

लेखीत माझे मार्क काठावरचे आहेत, चावून खाल्ले तर दाताला लागणार नाहीत, पण पास ते पास. मूटमध्ये मौनी वर्गात पहिली. टायवाल्यानं येऊन तिच्याशी हात मिळवला आणि मला म्हणाला, "अभिनंदन, ताई." काकू नाही. लिहून ठेवते.

सर जिन्यात भेटले. मी म्हटलं, "सर, ती चिठ्ठी नशिबानंच चांगली निघाली." सर म्हणाले, "हो, नशिबानंच," आणि चष्मा पुसत वर गेले. जोड्या कशा पाडल्या होत्या, ते आठवेना. चिठ्ठ्या बाजूंच्या काढल्या होत्या. जोड्या त्यांनी आधीच वाचून दाखवल्या होत्या बहुतेक. असो.

मौनीच्या आईचा फोन आला. मी नीट शेवटपर्यंत ऐकला. त्या बऱ्याच वेळा थांबल्या. लेकीबरोबर थांबायला त्याही शिकल्या असाव्यात.

नवऱ्यानं काळा कोट शिवायला घेतला आहे. म्हटलं, अजून दोन वर्षं आहेत रे. तर म्हणतो, तोवर तू जाड झालीस तर उसवून देईन. खांद्यांचं माप घेताना मला हलू दिलं नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज नवा विद्यार्थी आला, पन्नाशीचा फोटोग्राफर. नवीकोरी गाडी दाराशी आणून ठेवली आहे, चालवता मात्र येत नाही. उत्साहानं थेट ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला आणि पट्टा शोधायला लागला. मी म्हटलं, "उतरा. आधी जरा चालत जायचंय."

बाजारापाशी चौकातल्या वळणावर त्याला फुटपाथच्या कडेला उभं केलं. मी शेजारी.

"इथं काय करायचं?" तो म्हणाला.

"काही नाही. उभं राहायचं."

"मॅडम, फी मी गाडी चालवायची भरलीय."

मी काही बोलले नाही. तो घड्याळ बघायला लागला, मोबाइल काढला, परत ठेवला. गाड्या वळत होत्या. एक म्हातारा पिशवी घेऊन आमच्या बाजूला येऊन उभा राहिला. एक बाई पोराचं नाक पुसत होती. तेवढ्यात एक पांढरी गाडी वळली ती जरा जास्तच आत आली. मागचं चाक फुटपाथच्या कडेला घासून गेलं आणि वाऱ्यानं पोराची टोपी उडाली. फार काही नाही, असं दिवसातून कितीदा तरी होतं. मी स्वतः असं शेकडो वेळा आतून बघितलं असेल. बाहेरून बघितलं नव्हतं. गाडी इतकी मोठी असते, हे मला माहीत नव्हतं.

फोटोग्राफरनं माझं कोपर घट्ट धरलं होतं. त्याला ते कळल्यावर त्यानं हात सोडला, खाली वाकून टोपी उचलली, झटकली आणि पोराच्या डोक्यावर घातली. मग रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"चला," मी म्हटलं. "आता बसा गाडीत."